अकरा मिनिटांवरची इटली

इटलीच्या सहलीचे शेवटचे तीन दिवस प्रमोदिनी आणि रविकांत टोरोंटोजवळच्या मिसिसागात घालवत होते, आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

विमानतळाजवळचं हॉटेल, सहावा मजला, खिडकीतून धावपट्टीचं एक टोक. मुलाचं, निमिषचं, घर इथून गाडीने अकरा मिनिटांवर. हे रविकांतांनी फोनवर नकाशा काढून सांगितलं आणि लगेच पुस्ती जोडली, "ट्रॅफिक नसेल तर नऊ." मॉन्ट्रियलमध्ये तीस वर्षं पुलांची कामं केलेला माणूस, निवृत्तीनंतरही एकच आकडा सांगून त्यांचं समाधान होत नसे.

झालं होतं ते असं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून निमिष आणि जाई या बहीणभावांनी आईबाबांना दोन आठवड्यांसाठी इटलीला पाठवलं. पहिले अकरा दिवस बसने हिंडवलं, आणि शेवटचे तीन दिवस, कार्यक्रमपत्रिकेत छापल्याप्रमाणे, 'समुद्राकाठी निवांत विश्रांती'. विश्रांतीची खोली एकशे चाळीस पायऱ्या वर होती आणि समुद्र दोनशे पायऱ्या खाली. पहिल्याच संध्याकाळी प्रमोदिनी मधल्याच एका पायरीवर बसली. वर जायला दम नव्हता, खाली जायची इच्छा नव्हती. तिच्या खालच्या पायरीवर गुडघा चोळत रविकांत बसले. समोर समुद्रावर सोनं सांडल्यासारखं ऊन पडलं होतं आणि दोघांनाही ते बघायचा कंटाळा आला होता.

"अहो, घरी जाऊ या," ती म्हणाली.

रविकांतांनी तिकिटं बदलून घेतली. विमान अर्धा अटलांटिक ओलांडून आल्यावर प्रमोदिनीच्या लक्षात आलं की आपण घरी म्हणालो खरं, पण घर म्हणजे काय ते त्या पायरीवर विसरलो होतो. घर म्हणजे सहाचा गजर. ओजस आणि ऊर्मी, निमिषची पहिलीतली जुळी, त्यांचे दोन निरनिराळे डबे, कारण त्याला चीज लागतं आणि तिला त्याचा वास नको. बावीस पोळ्या. तीन वाजता शाळा, चारला पोहणं, सहाला भाजी. आणि दोघं राहत त्या बेसमेंटमधून वर यायच्या चौदा पायऱ्या, ज्या सहा वर्षांत तिने कधी मोजल्या नव्हत्या. इटलीने तिला पायऱ्या मोजायला शिकवलं.

टोरोंटोला पासपोर्टच्या रांगेत ती म्हणाली, "आज शनिवार ना?"

"हो."

"निमिष आपल्याला न्यायला मंगळवारी येणार आहे."

"अगं, फोन करतो ना त्याला. येईल धावत."

"नका करू."

रविकांतांनी तिच्याकडे बघितलं. पुलाला तडा दिसला की ते असेच बघायचे, आधी नुसते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला. त्या पायरीवरचं सोडलं, तर ते पहिल्याच सांगण्यात ऐकतात याची चाळीस वर्षांतली दुसरी नोंद प्रमोदिनीकडे नव्हती.

नोंदी तिच्याकडे पुष्कळ होत्या. कोण कुठल्या दिवशी काय बोललं, कोणी ताट न उचलता उठलं, आजारपणात कोणी आधी फोन केला आणि कोणी नंतर. कोणाला दाखवायच्या नव्हत्या, नुसत्या असाव्यात म्हणून. त्यातली सर्वांत जुनी आणि ठळक नोंद सहा वर्षांपूर्वीची. सून अक्षराला जुळी झाली तेव्हा निमिष मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डच्या घरी येऊन म्हणाला होता, "आई, सहाच महिने. अक्षराला तुझ्याशिवाय जमणार नाही." सहा महिन्यांनी ब्रॉसार्डचं घर विकलं गेलं, आणि सहा महिने संपायचे राहिले ते राहिलेच.

हॉटेलात शनिवारची संध्याकाळ आणि सगळा रविवार ती झोपली. अधूनमधून उठे, पडदा सरकवून उतरणारी विमानं बघे आणि परत आडवी होई. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचं काम रविकांतांकडे. इटलीतल्या अकरा दिवसांत त्यांनी इतके फोटो काढले होते की आणखी महिनाभर तिथे राहता आलं असतं. सहा तासांचा फरक धरून ते बरोबर टाकत. "आता तिकडे सूर्य मावळतोय, मावळतीचा टाकतो. व्वाला, झालं." लगेच जाईचे तीन बदाम, अक्षराचा अंगठा आणि निमिषचं 'एंजॉय!!' येई. प्रमोदिनीला वाटलं होतं, आपल्याला खोटेपणाचं वाईट वाटेल. नाही वाटलं. नुसती झोप येत होती.

रविवारी सकाळी खाली नाश्त्याला गेली तेवढाच काय तो पराक्रम. लॉबीत निळ्या कुंडीत लिंबाचं झाड होतं, पिवळ्याधमक लिंबांनी लगडलेलं. खरं का खोटं बघावं म्हणून तिने एका लिंबाला हात लावला तर ते तारेसकट हातात आलं. अकरा दिवस खऱ्या लिंबांखाली उभी राहून जिने एका पानाला बोट लावलं नाही, तिने इथे प्लॅस्टिकचं लिंबू तोडलं. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. प्रमोदिनीने लिंबू पर्समध्ये टाकलं आणि वॉशरूमचा रस्ता विचारला.

ती वर आल्यावर रविकांत हसून हसून पलंगावर बसले. "चला, इटलीहून काहीतरी आणलंस."

"अहो, हसणं पुरे. मंगळवारी मी निमिषला सांगणार आहे."

"काय?"

"आम्ही वेगळे राहणार. दोन खोल्यांचा कुठलाही कॉन्डो. लिफ्ट पाहिजे." त्या पायरीवरच तिने हे वाक्य जुळवलं होतं. खोलीत म्हणताना ते सोपं होतं. "पण अक्षराला काय वाटेल? नोकरी, दोन पोरं. सासूबाईंनी हात झटकले म्हणेल ती."

"म्हणेल," रविकांत म्हणाले, "किंवा नाही म्हणणार."

"तुमचे दोन दोन आकडे ठेवा तुमच्याकडेच."

*

सोमवारी दुपारी बाराला घरचा व्हिडिओ कॉल होता. म्हणजे इटलीत संध्याकाळचे सहा. रविकांतांनी पडदे ओढले, दिवा लावला आणि तिकडे घेतलेली गवताची टोपी डोक्यावर चढवली.

"संध्याकाळी सहाला टोपी कोण घालतं?" म्हणून प्रमोदिनीने ती काढून घेतली.

पडद्यावर आधी जाई आली, रिचमंड हिलच्या तिच्या घरातल्या सोफ्यावर उशांना टेकून. सातवा महिना, पाय सुजलेले. मग निमिष, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खोक्यातून नूडल्स खाताना. ओट्यावर तसलीच आणखी दोन खोकी प्रमोदिनीने टिपली. शेवटी अक्षरा, फोन तोंडाच्या अगदी जवळ धरून.

"मी ऑफिसमध्ये आहे हां, लंच ब्रेक. पाचच मिनिटं."

"कशी आहे इटली?" जाईने विचारलं.

"निवांत," रविकांत म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"ग्रेट," निमिष म्हणाला. "आई, ऐक, मी एक प्लॅन केलाय. तू आलीस की एक आठवडा जेटलॅग काढ. मग जाईकडे जा. बाळंतपण, पहिले तीन महिने, आणि मग कंटिन्यू. डेकेअरची वेटलिस्ट दोन वर्षांची आहे, म्हणजे तिची लीव्ह संपली तरी बाळ तुझ्याकडेच. वीकेंडला तू इकडे. बाबा पूर्ण वेळ इकडे, मुलांच्या पिकअपला."

"दादा, आईबाबा काय तुझी टीम आहे का शिफ्ट लावायला?" जाई म्हणाली.

"कोणीतरी प्लॅन करायला हवा ना? तू करणार आहेस?"

"आणि वीकेंडला आई तुझ्याकडे का? शनिवारी बाळाला सुट्टी असते?"

"जाई, मी सहा वर्षं..."

"तू सहा वर्षं? काय केलंस तू सहा वर्षं? आईने केलं."

प्रमोदिनी बघत राहिली. लहानपणी ब्रॉसार्डच्या घरी बर्फाच्या एकाच फावड्यावरून हे दोघे असेच भांडायचे. तेव्हा बर्फ उपसायचं कोणाच्याच मनात नसायचं. फावडं मात्र आपल्या हातात हवं असायचं.

"आईंना कोणी विचारलंय का?" अक्षरा एकदम म्हणाली.

"अगं, आईला आवडतंच ते," निमिष म्हणाला. "हो ना, आई?"

वाक्य जिभेवर होतं. प्रमोदिनीने तोंड उघडलं, आणि जाईचे सुजलेले पाय तिला दिसले. "बघू," ती म्हणाली.

रविकांतांचं कोपर तिच्या बरगडीला लागलं. तेवढ्यात एक विमान इतकं खालून गेलं की खिडकीची काच थरथरली. निमिष नूडल्स चिवडत होता, त्याला काही जाणवलं नाही. पण ती घरघर खिडकीतून संपते न संपते तोच फोनमधून परत ऐकू आली, जराशी बसक्या आवाजात. अक्षराच्या चौकटीतून.

अक्षराने दचकून वर पाहिलं आणि तिच्या हातातला फोन कलला. तिच्या खांद्यामागे निळी कुंडी होती. कुंडीत लिंबाचं झाड. झाडाच्या डाव्या फांदीला, लिंबाच्या जागी, उघडी तार.

"चला, आमची जेवायची वेळ झाली," प्रमोदिनी म्हणाली आणि कॉल बंद केला.

"सहाला इटलीत कोण जेवतं?" रविकांत म्हणाले. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. "कुठे निघालीस? अगं, खाली गेलीस तर पकडली जाशील."

"तीही," प्रमोदिनी म्हणाली.

*

अक्षरा कोपऱ्यातल्या सोफ्यावर बूट काढून बसली होती. पाय वर घेतलेले, मांडीवर मिटलेलं पुस्तक, समोर गार झालेली कॉफी. लॅपटॉप नव्हता, ऑफिसचं कार्डही गळ्यात नव्हतं. प्रमोदिनीने तिच्यासमोरच्या टेबलावर लिंबू ठेवलं.

"तुझ्या त्या झाडाचं आहे."

अक्षराने आधी लिंबाकडे बघितलं, मग साडी न नेसलेल्या, हॉटेलच्या सपाता घातलेल्या सासूकडे. ती उठली नाही.

"आई? तुम्ही इटलीत..."

"आणि तू ऑफिसात."

काउंटरवरची मुलगी लिंबाकडे बघत होती. प्रमोदिनी हळूच सोफ्यावर बसली. मग अक्षराला हसू फुटलं, आणि ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"कधीपासून आहात इथे?"

"शनिवारपासून. तू?"

"मी वर्षभर." अक्षराने डोळे पुसले. "रोज नाही, आई. महिन्यातून दोन सोमवार सुट्टी टाकते. इथे येऊन बसते. कोणी मम्मा म्हणत नाही, कोणी काही शोधून मागत नाही."

"घरी का नाही बसत? सुट्टी घेऊन हॉटेलात?"

अक्षराने गार कॉफीचा पेला बाजूला सरकवला. मग जपून म्हणाली, "घरी तुम्ही असता ना, आई. मी आडवी झाले की तुम्ही येणार, बरं नाही का विचारणार, सूप करणार. मग मला ते प्यावं लागणार."

"आत्ता तर मी नव्हते घरी."

"निमिष आहे ना वर्क फ्रॉम होम. आणि सवय पण झाली."

प्रमोदिनीने हे मनात नोंदवून घेतलं. सूप तिच्या जमेच्या बाजूला लिहिलेलं होतं, सहा वर्षांचं.

"पोळ्यांचं काय केलंस दोन आठवडे?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, हे विचारतानाच कळलं.

"केल्या नाहीत."

"विकतच्या आणल्यास?"

"नाही. भात, पास्ता, काय काय." अक्षराने तिच्याकडे सरळ बघितलं. "कोणी मागितल्याच नाहीत, आई."

रोज बावीस. प्रमोदिनीने गुणाकार करायचा नाही असं ठरवलं. तिच्या मनगटात, जिथे लाटणं धरून धरून गाठ आली होती, तिथे उगाच दुखल्यासारखं झालं. सगळं ज्यांच्या नावावर मांडलं, त्यांनी ते कधी मागितलंच नव्हतं.

"निमिष मला म्हणाला होता, तुला माझ्याशिवाय जमणार नाही."

"मला म्हणाला, आईला सोडवत नाही. शी नीड्स टु फील नीडेड." अक्षराचा आवाज खाली आला. "मला वाटायचं, मी माझं स्वयंपाकघर मागितलं तर तुम्हाला वाईट वाटेल. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करावा, एवढंच हवंय मला. कडू झाला तरी. रागावलात?"

"नाही गं. रागवायला ताकद लागते. मी दमलेय."

लॉबीत कोणीतरी मोठी बॅग ओढत नेली.

"मी उद्या त्याला सांगणार आहे," प्रमोदिनी म्हणाली. "आम्ही वेगळे राहणार म्हणून."

अक्षराच्या चेहऱ्यावर आधी जे आलं तो आनंद होता. तो तिने पटकन आवरला, पण प्रमोदिनीच्या नजरेतून सुटला नाही. मग ती म्हणाली, "फक्त मी काही बोलले असं त्याला कळू देऊ नका हं. तो म्हणेल, तूच घालवलंस त्यांना."

"म्हणजे वाईटपणा माझ्या एकटीकडे."

"तुम्ही त्याच्या आई आहात. तुमच्यावर तो आठवडाभर रुसेल. माझ्यावर वर्षभर."

हिशेब चोख होता, हे प्रमोदिनीला मान्य करावं लागलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला सून आवडली. याआधी ती फक्त पसंत होती.

"बरं. मी बोलेन. तू मधे पडू नकोस, आणि त्याची बाजू घेऊ नकोस. आणि हे हॉटेल..."

"कुठलं हॉटेल?" अक्षरा म्हणाली. तिने लिंबू उचललं आणि तारेत परत खोचायचा प्रयत्न केला. ते दोनदा पडलं. तिसऱ्यांदा तिने ते सासूच्या पर्समध्ये टाकलं. "उद्या मुलं विचारतील ना, काय आणलं म्हणून."

*

मंगळवारी दुपारी हॉटेलच्या फुकट बसने ते दोघे टर्मिनलला गेले. रविकांतांनी बॅगांवरचे शनिवारचे पट्टे फाडून टाकले होते आणि रोमहून येणारं विमान उतरल्यावर पाऊण तास मोजला होता. मग येणाऱ्यांच्या गर्दीत शिरून ते बाहेर आले. चेहरे दमलेले होते. त्यासाठी सोंग करावं लागलं नाही.

निमिषने मिठी मारली. "फ्लाइट कशी होती?"

"लहान वाटली," रविकांत म्हणाले.

गाडीत निमिष वेटलिस्टबद्दल, जाईच्या डॉक्टरबद्दल, जाईकडच्या रिकाम्या खोलीबद्दल बोलत होता. "पडदे पण लावलेत तिने तुझ्यासाठी." रस्त्याच्या उजव्या हाताला ते हॉटेल आलं आणि गेलं. प्रमोदिनीने सहावा मजला शोधला. पडदा अर्धा उघडाच राहिला होता. वाक्य तिच्या तोंडात होतं, पण मुलाची मान मागून बघताना तिला त्याच्या केसांत पांढरे दिसले, आणि ती गप्प बसली. डाव्या बाजूच्या एका उंच इमारतीकडे रविकांतांनी हळूच बोट दाखवलं. 'भाड्याने देणे' असा फलक होता. तिने मान वळवून तिकडे बघितलं.

घरी दार उघडं होतं आणि उंबऱ्यात अक्षरा ताटली घेऊन उभी होती. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तोवर त्याने आत पाऊल टाकायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही, हा या घरातला नियम प्रमोदिनीनेच आणला होता. नायगाऱ्याला जाऊन आलेल्यांनासुद्धा तिने दारात उभं केलं होतं. आज ताटलीत पोळीचा तुकडा नव्हता. पोळी होतीच कुठे? पिटा ब्रेडचा तुकडा होता.

"आजी, व्हॉट डिड यू ब्रिंग मी?" अक्षराच्या मागून ऊर्मी ओरडली. प्रमोदिनीने न बोलता पर्समधून लिंबू काढून दिलं. ऊर्मीने ते नखाने दाबून बघितलं. "इट्स फेक."

"तिकडे असलीच मिळतात," रविकांत नियम विसरून म्हणाले.

निमिष बॅगा घेऊन बाजूने आत शिरला आणि बेसमेंटच्या जिन्याकडे वळला.

"निमिष," प्रमोदिनी म्हणाली.

अक्षराचा हात हवेतच थांबला. ओवाळून व्हायच्या आत आई बोलली होती. निमिषनेही ते ओळखलं. तो पहिल्याच पायरीवर उभा राहिला.

"बॅगा खाली नेऊ नकोस. वरच राहू देत. पुढच्या महिन्यात परत उचलायच्या आहेत."

"कशाला? कुठे जायचंय?"

"आम्ही दोघं वेगळे राहणार आहोत. जाईकडे मी सव्वा महिना जाईन, बाळंतपणाचा. बाळाला न्हाऊ घालेन, तिला खायला घालेन. सव्वा महिना झाला की माझ्या घरी." आवाज तिला वाटला होता तितका कापला नाही. नुसता थकलेला होता, आणि थकलेल्या आवाजाशी वाद घालायला कोणाला काही सापडत नाही. "शाळेतून मुलांना आणायचं असेल तर बाबा येतील. फोन करून विचारायचं, येता का म्हणून."

निमिषने बापाकडे बघितलं. बाप गुडघा चोळत होता. मग त्याने बायकोकडे बघितलं.

अक्षरा ताटलीत बघत होती. "आई, हलू नका," ती म्हणाली. "ओवाळायचं राहिलंय."

"पण कुठे राहणार तुम्ही?" निमिषच्या हातात अजून दोन्ही बॅगा होत्या. "किती लांब?"

"अकरा मिनिटं," रविकांत म्हणाले. "ट्रॅफिक नसेल तर नऊ."

अक्षराने तुकडा सासूच्या पायांपासून डोक्यापर्यंत तीनदा ओवाळला, सासऱ्यांवरून तीनदा, आणि हिरवळीवर लांब भिरकावून दिला. एक खार तो घेऊन पळाली. दोघांच्या डोळ्यांना पाणी लावताना सुनेची बोटं प्रमोदिनीच्या पापणीवर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिली.

"या," ती म्हणाली. "फार लांबून आलात. मी चहा टाकते."

प्रमोदिनी आत आली आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळली. दारापाशी थांबली. मग मागे येऊन बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसली, पाय वर घेऊन, पाहुणीसारखी. चहा यायला वेळ लागला. कडू होता. तिने सगळा प्यायला.